आभारांचे भाऊसाहेब

कुठल्याही कार्यक्रमात सूत्रसंचालक "आणि आता आभारप्रदर्शन" म्हणाला, की सभागृहात एकच आवाज होतो, खुर्च्या मागं सरकल्याचा. बायका पिशव्या उचलतात, पुरुष गाडीच्या किल्ल्या चाचपतात, पोरं दाराकडं पळतात. आपण सगळेच असं करतो, त्यात लाजण्यासारखं काही नाही. आमचे गुंजाळ भाऊसाहेब मात्र त्या क्षणी ताठ होऊन बसतात, चष्मा पुसतात आणि शेजारच्याला म्हणतात, "आता खरा कार्यक्रम सुरू होतोय."

शेजारचा तोवर उठलेला असतो, ही गोष्ट वेगळी.

कधी कधी तर ते तेवढ्यासाठीच जातात. व्याख्यान साडेपाचला असलं तर आम्ही आरामात खाऊनपिऊन पावणेसातला निघायचो. वक्ता कोण, विषय काय, याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. एकदा मी विचारलं, "भाऊसाहेब, आज कशावर बोलणार आहेत?" तर म्हणाले, "कशावर का बोलेनात. आभार कोण मानणार आहे, ते पत्रिकेत बघ." पत्रिकेत ते कधीच नसतं. दीपप्रज्वलन कुणाच्या हस्ते, प्रास्ताविक कोण करणार, सगळं असतं, आभाराला कुणाला उभं करायचं ते ऐनवेळी ठरतं. याचं भाऊसाहेबांना मनापासून दुःख आहे.

"आम्ही" म्हणजे ते आणि मी. मी वैष्णवी, गाव पुणतांबा, नगरला मावशीकडं राहून बी.एस्सी. करते. परीक्षा संपल्यावर खरं तर गावी जायचं होतं, पण उन्हाळ्यात आमच्या घरी गेलं की आई हातात कुरडयांचा साचा देते आणि पोरगी म्हणजे सुट्टीत आलेली मजूर आहे असं समजून गच्चीवर बसवते. म्हणून मी सुट्टीत काही काम मिळतंय का ते बघत होते. ते कंपाउंडच्या भिंतीवरून मिळालं.

भिंतीपलीकडं गुंजाळांचं घर. भाऊसाहेब राहुरीकडच्या एका हायस्कुलात क्लार्क होते, आणि शाळेतल्या क्लार्कला आमच्याकडं सगळे भाऊसाहेबच म्हणतात. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी ते भाऊसाहेबच राहिले. त्यांच्या पत्नी सुमनकाकू. एका सकाळी तुळशीला पाणी घालता घालता त्या मला म्हणाल्या, "तुझी स्कूटी आहे ना गं? यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय. डॉक्टरांनी गाडी चालवायची नाही म्हणून सांगितलंय आणि हे घरात बसून माझं डोकं खातात. रोज संध्याकाळी कुठंतरी नेऊन आणशील का? फुकट नको, महिन्याचं काय ते देईन."

"कुठं न्यायचं?"

"जिथं माइक असेल तिथं. आणि जिथं खायला मिळेल तिथं. एवढ्या दोनच जागा लागतात त्यांना."

"मग काकू, तुम्ही पण चला की."

"मी जात नाही," काकू म्हणाल्या आणि उरलेलं पाणी कर्दळीला ओतून टाकलं. मग त्यांनी नोकरीच्या अटी सांगितल्या. साडेआठच्या आत घरी आणायचं. तळकट खाऊ द्यायचं नाही. आणि शेवटची, बोट वर करून सांगितलेली अट म्हणजे, "कुणी यांच्या हातात माइक दिला तर तो आधी तू काढून घ्यायचा."

पहिल्याच दिवशी भाऊसाहेबांनी मला पद दिलं. "आजपासून तुम्ही कार्यवाह," ते म्हणाले आणि माझ्या हातात एक वही दिली. ऑपरेशनमुळं त्यांना बारीक अक्षर दिसत नव्हतं, तेव्हा लिहायचं काम माझ्याकडं. वहीवर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: 'राहिलेले'.

त्याचा अर्थ मला सावेडीतल्या एका सुगम संगीताच्या कार्यक्रमात कळला. आभार मानणाऱ्या बाईंनी अध्यक्ष, उद्घाटक, गायक, वादक, रसिक असं भराभरा उरकलं, शेवटी "अनवधानाने कुणाचा नामोल्लेख राहिला असल्यास क्षमस्व" म्हटलं आणि त्या स्वतःच घाईघाईनं खाली उतरल्या. भाऊसाहेब माझ्या कानाशी लागले. "लिहा. माइकवाले राहिले. खुर्च्या मांडणारे राहिले. मध्यंतरात चहा दिला ते राहिले. तबलजींसाठी गादी आणली ती कुणाच्या घरून आणली? चौकशी करा."

"क्षमस्व म्हणाल्या की त्या."

"क्षमस्व हे पळवाट काढायला नाही, कार्यवाह. शोधून शोधून थकल्यावर म्हणायचं असतं ते."

मग सुरू झाला आमचा फेरा. भाऊसाहेब एकेका 'राहिलेल्या' माणसाला गाठायचे, समोर उभे राहून हात जोडायचे आणि भरल्या आवाजात म्हणायचे, "आयोजकांच्या वतीने मी आपले मनःपूर्वक आभार मानतो." आयोजकांना याचा पत्ताही नसायचा. माइकवाले इस्माईलभाई तर पहिल्या दिवशी घाबरलेच. वायर गुंडाळता गुंडाळता म्हणाले, "क्यों चाचा, आवाजात खरखर आली का?" भाऊसाहेब म्हणाले, "खरखर आली नाही, म्हणूनच आलोय." इस्माईलभाई आधी माझ्याकडं, मग त्यांच्याकडं बघत राहिले. पुढं त्यांची इतकी ओळख झाली, की सगळ्या खुर्च्यांच्या थप्प्या लागल्या तरी ते आमच्या दोन तशाच ठेवायला सांगायचे.

आभारांना ते मार्कही द्यायचे. "हा पास झाला, पण वरच्या वर्गात ढकललेला," किंवा "आवाज चांगला, अभ्यास नाही." एका तरुण प्राध्यापकानं कवितेच्या ओळी म्हणत आभार मानले तेव्हा भाऊसाहेबांनी कपाळाला हात लावला. "नावं सांगायची तर यमक सांगत बसलाय." परत येताना स्कूटीवर मागं बसून ते सगळे आभार पुन्हा, दुरुस्त करून म्हणायचे. सिग्नलला शेजारचे लोक वळून बघायचे. एकदा प्रेमदान चौकात त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून वाहतूक पोलिसाचेही मानले. पोलिसानं आम्हाला बाजूला घेतलं आणि कागदपत्रं बघितली.

हॉटेलात याहून कठीण. भाऊसाहेबांना खाण्याची आवड जबरदस्त, पण पहिला घास घ्यायच्या आत त्यांना एक माहिती लागते: हे केलं कुणी? सावेडीत एक नवं एसी हॉटेल निघालंय, तिथं आम्ही शेवभाजी मागवली. ताट आल्यावर भाऊसाहेबांनी वेटरला विचारलं, "ही भाजी करणाऱ्याचं नाव काय?"

वेटर म्हणाला, "का, काय निघालं का त्यात?"

"नाव सांगा."

वेटरनं मॅनेजरला बोलावलं. मॅनेजरनं माझ्या हातातली वही बघितली, भाऊसाहेबांचा इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि खिशातली दोन पेनं बघितली आणि त्याचा चेहरा उतरला. आम्ही कुठल्यातरी खात्यातून तपासणीला आलोय असं त्याला वाटलं. तो दोन मिनिटांत आम्हाला ताक, पापड, वर गुलाबजाम असं न मागवलेलं आणून द्यायला लागला. भाऊसाहेब उठून थेट भटारखान्यात गेले, मागं मी. आचारी तोवर मागच्या दारानं बाहेर पडून सिलिंडरच्या आडोशाला उभा. म्हणाला, "साहेब, मी आजच लागलोय कामाला." भाऊसाहेबांनी हात जोडले. "भाजीतलं मीठ अगदी बेताचं आहे. आपले आभार." त्या माणसानं हे दोनदा वदवून घेतलं. दुसऱ्यांदा ऐकल्यावर तो हसला नाही, काही नाही, नुसता हात पुसत राहिला.

तेव्हापासून मला हे प्रकरण थोडं आवडायला लागलं. आधी मला त्यांची लाज वाटायची, हे कबूल करते.

पण भाऊसाहेबांना एवढ्यानं समाधान नव्हतं. त्यांना स्वतःला एकदा आभार मानायचे होते, माइकवरून, भरल्या कार्यक्रमात. प्रत्येक ठिकाणी कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी ते आयोजकांपाशी जाऊन उभे राहायचे. "आभाराला कुणी नसेल तर मी आहे," एवढंच म्हणायचे. आयोजक हसून "बघू, बघू" म्हणायचे आणि त्यांना चहाकडं वळवायचे. शहरात कुणीही त्यांना माइक देत नव्हतं, आणि त्याला कारण होतं. ते मला मावशीनं पोट धरून हसत सांगितलं.

दोन वर्षांपूर्वी कॉलनीतले एक म्हातारे वारले. दशक्रियेला आपल्याकडं श्रद्धांजलीची भाषणं होतात, तशी झाली. घरच्यांनी भाऊसाहेबांना म्हटलं, आलेल्या लोकांचे दोन शब्दांत आभार माना. निवृत्तीनंतर दहा वर्षांनी हातात आलेला पहिला माइक तो. भाऊसाहेबांनी पाहुण्यांचे मानले, प्रवचनकारांचे मानले, घाटावर चटया टाकणाऱ्याचे मानले, शेजारच्या गावाहून आलेल्या रिक्षांचे मानले. पाऊण तास झाला. ऊन चढलं. शेवटी म्हणाले, "आणि ज्यांनी आजच्या प्रसंगाचं गांभीर्य ओळखून, कोणतेही आढेवेढे न घेता, वेळेत उपस्थित राहून पिंडाला स्पर्श केला, त्या कावळ्याचेही मी कुटुंबीयांच्या वतीने आभार मानतो." रडणाऱ्या सुना पदरात तोंड घालून हसायला लागल्या. थोरला मुलगा तर उठून नदीकडं गेला.

त्या दिवसापासून त्यांचं नाव पडलं 'कावळेवाले काका'. आणि काकूंची माइकची अटही तेव्हापासूनचीच.

रोज आम्ही काकूंसाठी पार्सल न्यायचो. भाऊसाहेब स्वतः निवडायचे, ढोकळा, पुरीभाजी, कधी भेळ. काकू दार उघडायच्या, पुडा बघायच्या आणि म्हणायच्या, "ठेवा तिकडं." सकाळी तो पुडा धुणंवाल्या मावशींच्या पिशवीत जायचा. काकू बाहेरचं खात नसतील असं मला वाटायचं. पण माझी मावशी म्हणाली, छे, पूर्वी हे दोघं स्कूटरवरून सगळं नगर पालथं घालायचे, एक नाटक सोडायचे नाहीत, एक हॉटेल सोडायचे नाहीत. काकूंना मिसळ तर इतकी आवडायची, की त्या तर्री दोनदा मागायच्या. मग एकाएकी बंदच झालं.

म्हणजे मी ज्या नोकरीवर होते, ती आधी काकूंची होती.

मी हे विचारायला योग्य वेळ बघत होते. ती मनमाड रोडवरच्या लताबाईंच्या ढाब्यावर मिळाली. त्या दिवशी व्याख्यात्यांची तब्येत बिघडली आणि कार्यक्रम रद्द झाला, त्यामुळं आम्हाला घाई नव्हती. लताबाई चुलीवर भाकरी थापत होत्या. भाऊसाहेबांनी नेहमीप्रमाणं त्यांच्यासमोर हात जोडले. लताबाईंना आता सवय झाली होती. त्या म्हणाल्या, "भाकरीचं कसलं आभार, भाऊसाहेब? तुमी आभार मानूस्तोवर ती गार व्हती. आधी खावा." मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "लई गुनाचा मानूस हाय. घरची मालकीन भाग्याची." भाऊसाहेबांचा हात ताटावरच थांबला.

"काकू का येत नाहीत हो?" मी विचारून टाकलं.

त्यांनी बराच वेळ ठेचा भाकरीला लावला. मग सांगायला लागले. शाळेत एकतीस वर्षं आभार तेच मानायचे. मुख्याध्यापक प्रास्ताविक करायचे, मराठीचे सर सूत्रसंचालन, पाहुण्यांचा परिचय कुणाकुणाकडं, आणि उरलेलं काम क्लार्ककडं. ते बोलायला उभे राहायचे तेव्हा समोर मुलं नसायची, पालक नसायचे. शिपाई खुर्च्या आवरत असायचा. पण सुमनकाकू गॅदरिंगला आल्या असल्या तर शेवटपर्यंत बसायच्या. एकट्या. हातात पिशवी धरून.

मग त्यांचा निवृत्तीचा कार्यक्रम झाला. सत्काराला उत्तर त्यांनी दिलं आणि आभारही त्यांनाच मानायला सांगितले, कारण दुसरं कुणी तयार नव्हतं. "त्रेचाळीस नावं घेतली मी, वैष्णवी. पाठ केली होती. शाळेच्या घंटेचेसुद्धा आभार मानले. ती समोर बसली होती, बायकांच्या रांगेत, डाळिंबी रंगाची नवी साडी नेसून. बाकी सगळे उठून गेले होते. ती एकटी बसून त्रेचाळीस नावं ऐकत होती." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "तिचं नाव त्यात नव्हतं."

त्यानंतर दोघं थाळी खायला जाणार होते. नगरच्या एका चांगल्या हॉटेलात, महिनाभर आधी ठरलं होतं. स्टँडवर काकू म्हणाल्या, "घरी चला. पिठलं टाकते." बस, तेवढंच. भांडण नाही, रडणं नाही. त्या दिवसापासून काकू कुठल्याही कार्यक्रमाला गेल्या नाहीत आणि हॉटेलात बसल्या नाहीत.

"अहो, मग घरी म्हणून टाका ना," मी म्हटलं. "काकू, थँक्यू, चुकलं माझं. दोन सेकंदांचं काम."

भाऊसाहेब माझ्याकडं असे बघायला लागले, जसं काही मी त्यांना दप्तर जाळायला सांगितलं. "मी एकतीस वर्षं रजिस्टरं लिहिली," ते म्हणाले. "एका रजिस्टरातली चूक दुसऱ्या रजिस्टरात दुरुस्त होत नाही. माइकवर राहिलं, ते माइकवरच भरून काढावं लागतं. चार लोकांत. बारा वर्षांत एक माइक मिळाला, तो दशक्रियेचा. तिथं बायकोचं नाव कसं घेऊ?"

हे मात्र त्यांचं बरोबर होतं.

तेव्हापासून मी काकूंची अट मोडायची ठरवली. एका आठवड्यात मी तीन आयोजकांच्या हातापाया पडले. पहिल्यानं पुढच्या वर्षी बघू म्हटलं. दुसऱ्यानं वेळेचं कारण दिलं. तिसरा म्हणाला, "ते कावळेवाले काका? नको गं बाई, प्रमुख पाहुण्यांची गाडी असते." माझी सुट्टी संपत आली होती आणि मला खरोखर काळजी लागली. मी गेल्यावर यांना कोण नेणार, आणि हे नाव घ्यायचं तसंच राहून गेलं तर?

शेवटी मी पुणतांब्याला पप्पांना फोन लावला. आमच्या गावच्या वाचनालयाचं मुलांचं शिबिर चाललं होतं, त्याचा समारोप होता आणि पप्पा त्यात होते. "आभाराला कुणी आहे का?" मी विचारलं.

पप्पा म्हणाले, "आभाराला न्हाई म्हननारे चार जन हायेत. तू आन तुझ्या भाऊसाहेबांना. पन पाऊण तास न्हाई हां."

कावळ्याची गोष्ट ऐंशी किलोमीटरवर पोचली होती.

मी काकूंना म्हटलं, "काकू, रविवारी आमच्या गावाला चला. गोदावरी बघा, घाट बघा. आई मांडे करणार आहे."

काकू ताटात तांदूळ निवडत होत्या. "माइक देणार आहेत ना त्यांना तिथं?"

"कोण म्हणालं?"

"कुणी म्हणायला कशाला पाहिजे? दोन रात्री झोपेत सराव चाललाय. कुणाचं नाव कळत नाही, नुसतं 'तसेच, तसेच' ऐकू येतं." त्यांनी एक खडा काढून बाजूला ठेवला. "जाऊ देत. देऊ देत माइक. मी येत नाही. मी ऐकलेत त्यांचे आभार, शेवटपर्यंत ऐकलेत."

मी ताटातला एक खडा वेचून दिला आणि उठले.

रविवारी सकाळच्या रेल्वेनं आम्ही पुणतांब्याला गेलो. भाऊसाहेबांनी उतरल्यापासून चौकशा सुरू केल्या. मंडप कुणाचा, वीज कुणाच्या घरून घेतली, पाण्याचे जार कुणी आणले, लापशी कोण ढवळतंय. मी मागं मागं वही घेऊन. आई म्हणाली, "हे पाहुणे हायेत का जनगणनेवाले?" मुलांनी नाच केले, एक छोटं नाटक केलं, पाहुणे लांबण लावून बोलले. दुपारचा एक वाजला. सगळ्यांच्या नाकात लापशीचा वास.

सूत्रसंचालन माझा चुलतभाऊ ओंकार करत होता. त्यानं एक घोटाळा केला. "आता गुंजाळ भाऊसाहेब आभार मानतील," एवढंच म्हणून थांबायचं, तर त्यानं पुढं जोडलं, "आणि जेवणाची व्यवस्था मंडपाच्या मागं केलेली आहे." झालं. भाऊसाहेब माइकपर्यंत पोचायच्या आत मंडप रिकामा. मागं ताटांचा खडखडाट सुरू झाला. समोर राहिलो मी, गुडघ्यांमुळं उठता न येणारी आमची सखूआजी, आणि खुर्च्या गोळा करायला आलेला मंडपवाला.

मला रडायलाच आलं. पण भाऊसाहेबांना काही विशेष वाटलेलं दिसलं नाही, त्यांना सवय होती. त्यांनी चष्मा पुसला. मला एकदम सुचलं, मी मोबाईल काढला आणि काकूंना फोन लावला. काकूंची फोनची एक तऱ्हा आहे. त्या उचलतात, पण आधी स्वतः बोलत नाहीत. समोर कोण आहे ते ऐकून घेतात आणि मग बोलायचं की नाही ते ठरवतात. रिंग थांबली. पलीकडं नुसती शांतता. उचललाय की कट झालाय, बघायला वेळ नव्हता. मी फोन तसाच स्पीकरच्या दिशेनं धरला.

भाऊसाहेबांनी लापशी ढवळणाऱ्या माझ्या आईचं नाव घेतलं, जार आणणाऱ्याचं घेतलं, वीज देणाऱ्या घराचं घेतलं, मंडपवाल्याचं घेतलं. मंडपवाला हातातली खुर्ची खाली ठेवून उभा राहिला. सगळं मिळून तीन-चार मिनिटं. मग त्यांनी माइक दोन्ही हातांनी धरला.

"आणि एक जुनं नाव," ते म्हणाले. "बारा वर्षांपूर्वी माझ्या निवृत्तीला मी त्रेचाळीस जणांचे आभार मानले. ज्यांनी एकतीस वर्षं रोज सकाळी सहाला उठून माझा डबा केला, आणि माझे आभार ऐकायला ज्या रिकाम्या हॉलमध्ये बसून राहायच्या, त्या सौभाग्यवती सुमन भानुदास गुंजाळ यांचा नामोल्लेख राहिला. तो अनवधानाने राहिला, असं मी म्हणणार नाही. मला वाटलं, हे तर आपलंच माणूस, आपल्या माणसाचे आभार काय मानायचे. तिथं चुकलं. त्यांचे मी मनापासून आभार मानतो. आणि क्षमस्व म्हणतो, ते पळवाट म्हणून नाही."

सखूआजीनं विचारलं, "कुनाचं नाव घेतलं गं?" मंडपवाल्यानं टाळ्या वाजवल्या. एकट्यानंच, पण जोरात वाजवल्या. मी फोनकडं बघितलं. कॉल चालू होता, मिनिटं पुढं सरकत होती. "काकू?" मी म्हटलं. पलीकडून कुकरची एक शिट्टी ऐकू आली आणि फोन बंद झाला.

मी भाऊसाहेबांना यातलं काही सांगितलं नाही. काकूंनी काम करता करता फोन नुसता ओट्यावर ठेवला असेल तर? उगीच त्यांना आशेला कशाला लावायचं. ते मात्र गाडीत खिडकीशी बसून हलके झाल्यासारखे झोपले, थेट नगर येईपर्यंत. घरी पोचलो तेव्हा काकूंनी दार उघडलं. "झाले का?"

"झाले," भाऊसाहेब म्हणाले.

"कुणी राहिलं तर नाही ना?"

"नाही."

"हातपाय धुऊन घ्या," काकू म्हणाल्या आणि आत गेल्या. झालं एवढंच. मी मावशीकडं आले आणि चिडून जेवलेच नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नेहमीप्रमाणं मी स्कूटी काढून त्यांच्या फाटकाशी गेले. व्हरांड्यात काकू उभ्या होत्या. डाळिंबी रंगाची साडी, घडीच्या रेषा तशाच उमटलेल्या, डांबराच्या गोळ्यांचा वास. हातात पिशवी. भाऊसाहेब मागं दारात, एका पायात चप्पल घालून, दुसरी विसरून, नुसते बघत उभे.

"गाडी आत लाव," काकू मला म्हणाल्या. "आजपासून तुझी नोकरी संपली. मी रिक्षा सांगितलीय."

"कुठला कार्यक्रम आहे?"

"कार्यक्रम कुठला? जेवायला चाललोय. एक थाळी राहिलीय." मग त्या भाऊसाहेबांकडं वळल्या. "आणि ते सौभाग्यवती कशाला म्हणायचं? लग्नपत्रिका वाचत होता का? नुसतं सुमन म्हटलं असतं तरी मला कळलं असतं. आणि डबा सहाला व्हायचा नाही, साडेपाचला व्हायचा. सहाला तुम्ही उठायचा."

भाऊसाहेबांनी खिशातलं पेन काढलं. "दुरुस्ती नोंदवून घेतो," ते म्हणाले, आणि डोळ्यांवरचा चष्मा काढून उगीच पुसत राहिले.

रिक्षा आली. काकू आधी चढल्या. भाऊसाहेबांनी पाय वर टाकला आणि परत खाली उतरून माझ्यासमोर हात जोडून उभे राहिले. "कार्यवाह, तुमचे आभार राहिले."

"तिचे मी मानते," आतून काकू म्हणाल्या. "तुम्ही बसा आधी. तो रिक्षावाला खोळंबलाय."

काकूंनी रिक्षातून हात बाहेर काढला, माझ्या गालांवरून फिरवला आणि स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. मग रिक्षा निघाली.